मेदाम्लं, विकरं आणि क्षयाची जुनी गोळी



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर क्षयाचे रुग्ण पाहिले. त्यांच्या नावाने बोलायचं तर क्षयावरच बोलावं असं मला वाटलं. पण मी डॉक्टर नाही. जीवरसायनशास्त्र शिकवण्यात माझी वर्षं गेली. तेव्हा जिवाणू स्वतःची चरबी कशी तयार करतो आणि त्याचं ते काम बंद पाडून रोग बरा करण्याचे प्रयत्न गेल्या सत्तर वर्षांत कसे झाले, यावर मी बोलेन. त्यांतले थोडे फळाला आले, पुष्कळ फसले. मला फसलेल्यांबद्दलही तितक्याच आस्थेने बोलायचं आहे, कारण खरा धडा तिथे आहे.

आयोजकांनी ‘सोपं बोला’ असं बजावलं आहे. प्रयत्न करतो. मात्र दोन विकरांची नावं तुम्हाला लक्षात ठेवावीच लागतील, कारण ती आता रुग्णांच्या रिपोर्टवर छापून येतात. विकर म्हणजे एन्झाइम, हे शाळेच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी वाचलेलं आहे.

मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या अणूंची लांब साखळी आणि तिच्या एका टोकाला आम्ल. ती खोबरेल तेलात असते, तुपात असते आणि आपल्या प्रत्येक पेशीच्या पातळ पटलातही असते. हे पटल नसेल तर पेशीला आत-बाहेर असं काही उरतच नाही. म्हणून मेदाम्लं तयार करण्याची सोय जवळजवळ सगळ्या सजीवांत आहे, आणि रीतही सगळीकडे सारखी आहे. साखळी दोन-दोन कार्बनांनी वाढवत न्यायची. दर फेरीला चार पायऱ्या: नवा तुकडा जोडायचा, एकदा क्षपण करायचं म्हणजे हायड्रोजन जोडायचा, पाण्याचा एक रेणू काढून टाकायचा आणि पुन्हा एकदा क्षपण करायचं. आपल्या शरीरात बहुतेक वेळा १६ कार्बन झाले की साखळी सुटी होते. यातल्या चौथ्या पायरीचं विकर, इनॉइल रिडक्टेज, हा आजचा मुख्य विषय.

रीत सारखी असली तरी मांडणी सारखी नाही. आपल्या पेशीत ही सगळी विकरं एकाच अजस्र प्रथिनात एकत्र असतात. सुमारे २,५०० अमिनो आम्लांचं ते प्रथिन, आणि अशी दोन जोडीने काम करतात. जिवाणूत मात्र गावगाड्यातल्या बलुतेदारांसारखी व्यवस्था आहे. प्रत्येक पायरीचं विकर निराळं, स्वतःच्या जागी बसलेलं. वाढती साखळी एका लहानशा वाहक प्रथिनाला चिकटून एकाकडून दुसऱ्याकडे जाते. जिवाणूचं विकर आणि आपलं विकर यांच्या घडणीत बराच फरक आहे. औषध शोधणाऱ्याला असा फरक दिसला की मोह आवरत नाही. जंतूचं विकर अडवायचं, माणसाचं तसंच राहू द्यायचं. कागदावर याहून सुंदर कल्पना नाही. या एका कल्पनेवर किती प्रबंध लिहिले गेले आणि किती पेटंटं मागितली गेली याची मोजदाद करायला मी बसणार नाही.

पण या कल्पनेचं सगळ्यांत मोठं यश तिच्या आधीच पदरात पडलेलं होतं, आणि ते यश मिळवणाऱ्या कोणालाही आपण मेदाम्लाच्या विकरावर नेम धरला आहे हे ठाऊक नव्हतं.

१९१२ साली प्रागमध्ये हान्स मायर आणि योसेफ माली या रसायनशास्त्रज्ञांनी एक साधा रेणू तयार करून त्याची नोंद प्रसिद्ध केली. क्षयाशी त्याचा काही संबंध असेल असं त्यांच्या मनातही नव्हतं. तो रेणू जवळपास चाळीस वर्षं ग्रंथालयात पडून राहिला. दरम्यान स्ट्रेप्टोमायसिन आलं. क्षयावर पहिल्यांदाच खात्रीचं औषध मिळालं, पण ते टोचून घ्यावं लागे, आणि एकटं दिलं तर काही महिन्यांत जिवाणू त्याला दाद देईनासे होत. गोळीच्या रूपात घेता येईल असं स्वस्त औषध सगळे शोधत होते. अमेरिकेत हॉफमन-ला रोश आणि स्क्विब, जर्मनीत बायर अशा तीन कंपन्यांचे शास्त्रज्ञ वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोचले आणि १९५२ साली तिघांनीही तोच रेणू जगापुढे ठेवला: आयसोनियाझिड. आपल्याकडचे डॉक्टर त्याला आयएनएच म्हणतात.

न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावर सी व्ह्यू नावाचं क्षयरुग्णालय होतं. तिथे एडवर्ड रॉबिट्झेक आणि अर्व्हिंग सेलिकॉफ यांनी आशा सोडलेल्या रुग्णांना हे औषध आणि त्याचं एक भावंड देऊन पाहिलं. ताप उतरला, भूक लागली, वजन वाढलं. अंथरुणाला खिळलेली माणसं वॉर्डात नाचताना वर्तमानपत्रांतल्या छायाचित्रांत दिसू लागली. (ते भावंड, आयप्रोनियाझिड, पुढे नैराश्यावरच्या पहिल्या औषधांपैकी एक ठरलं, तो नाच नुसत्या फुप्फुसाचा नव्हता. पण ती कथा वेगळ्या व्याख्यानाची.)

तिन्ही कंपन्यांची फजिती अशी झाली की रेणू १९१२ सालीच छापून झालेला होता. पदार्थ नवा नाही, म्हणजे पदार्थावर पेटंट नाही. ज्या गोळीने नंतर कोट्यवधी माणसं वाचली, ती कोणाच्याच मालकीची झाली नाही. कोणीही बनवावी आणि विकावी. माझ्या मते क्षयाच्या इतिहासातली ही सगळ्यांत दैवी दुर्लक्षाची घटना आहे.

याचा थेट लाभ आपल्या देशाला झाला. १९५६ साली मद्रासला क्षयरोग रसायनोपचार केंद्र सुरू झालं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद अशा चौघांचं ते काम. प्रमुख होते वॉलेस फॉक्स. त्या काळी क्षय झाला की सॅनिटोरियम हाच उपाय मानला जाई. आपल्याकडे पाचगणी आणि मिरज ही नावं त्याच कारणाने घरोघर माहीत होती. उंचावरची कोरडी हवा, दूध-अंडी आणि पूर्ण विश्रांती. पण देशात रुग्ण लाखोंनी आणि खाटा हजारांनी. मद्रासच्या अभ्यासात १९३ रुग्ण दोन गटांत विभागले गेले. एका गटाला सॅनिटोरियममध्ये ठेवलं, दुसऱ्याला शहरातल्या त्यांच्याच दाटीवाटीच्या घरांत. दोन्ही गटांना वर्षभर आयसोनियाझिड आणि पॅरा-अमिनोसॅलिसिलिक आम्ल दिलं. १९५९ साली निष्कर्ष छापले गेले. घरी राहिलेले, कमी सकस खाणारे, कामाला जाणारे रुग्ण जवळपास तितकेच बरे झाले होते, आणि त्यांच्या घरच्यांना लागण जास्त झाली नव्हती. सॅनिटोरियमचं युग तिथे संपलं. हवेपेक्षा गोळी महत्त्वाची ठरली, आणि गोळी स्वस्त होती म्हणूनच हा निष्कर्ष अमलात आणता आला.

आता ही गोळी करते काय? हे कळायला आणखी चाळीस वर्षं लागली. गंमत अशी की पहिला धागा अगदी सुरुवातीला हाती आला होता. १९५४ साली गार्डनर मिडलब्रुक यांनी पाहिलं की ज्या क्षयजिवाणूंवर आयसोनियाझिड चालत नाही, त्यांच्यात कॅटलेज या विकराचं कामही बंद पडलेलं असतं. हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की बुडबुडे येत नाहीत. आता औषधाला निरुपयोगी करणारं विकर जिवाणूत वाढलं असेल तर ते समजू शकतं. इथे उलटं होतं. विकर गमावल्याने जिवाणू वाचत होता. याचा अर्थ लागेना.

दुसरा धागा १९७० च्या सुमारास सापडला. कुनी ताकायामा यांनी दाखवलं की औषध दिलेल्या जिवाणूत मायकोलिक आम्ल तयार होणं थांबतं. इथे थोडं थांबू. क्षयाच्या जिवाणूच्या भोवती मेणासारखं जाड आवरण असतं. ते मायकोलिक आम्लांचं. ही मेदाम्लंच, पण राक्षसी: ६० ते ९० कार्बनांची. १८८२ च्या २४ मार्चला बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी हा जिवाणू दाखवला तेव्हा त्याला रंग चढवणं हीच मोठी अडचण होती. एकदा रंग चढला की आम्लानेही उतरत नाही, या गुणावर आजही बेडक्याची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी चालते. हे सारं त्या आवरणामुळे. त्यातून पाणी आणि बहुतेक औषधं सहज आत जात नाहीत. हे आवरण तयार करण्यासाठी जिवाणूकडे मेदाम्लाच्या दोन व्यवस्था आहेत. आपल्यासारखं एक मोठं प्रथिन साखळ्यांची सुरुवात करून देतं आणि सुटी विकरं त्या पुढे लांबवतात. मायकोलिक आम्ल दुसऱ्या व्यवस्थेशिवाय होत नाही.

दोन्ही धागे जुळले ते १९९२ ते १९९८ या काळात. १९९२ साली लंडन आणि पॅरिसच्या शास्त्रज्ञांनी कॅटलेजचं जनुक शोधलं. नाव कॅट-जी. लक्षात ठेवायचं पहिलं नाव हे. १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम जेकब्ज यांच्या प्रयोगशाळेने आयसोनियाझिडचं लक्ष्य असलेलं जनुक शोधलं आणि त्याला नाव दिलं आयएनएच-ए. हे दुसरं नाव. आयएनएच-ए म्हणजे क्षयजिवाणूचं इनॉइल रिडक्टेज. आपल्या चार पायऱ्यांतलं चौथं विकर. १९९८ साली औषध बसलेल्या अवस्थेतली त्याची स्फटिक-रचना पाहिल्यावर चित्र पूर्ण झालं.

आयसोनियाझिड ही गोळी स्वतः काहीच करत नाही. ती जिवाणूच्या आत शिरते. तिथे कॅट-जी तिला फोडतं. फोडलेला क्रियाशील तुकडा जिवाणूतल्याच एनएडी या सहविकराला जोडला जातो, आणि हा जोड-रेणू आयएनएच-ए च्या खोबणीत जाऊन घट्ट बसतो. विकर बंद, लांब साखळ्या बंद, आवरण बंद. कॅट-जी चं मूळ काम आपल्या शरीरातल्या भक्षक पेशी जिवाणूवर जे पेरॉक्साइड सोडतात त्यापासून त्याला वाचवणं. तेच विकर औषधाला जागं करतं. मिडलब्रुक यांचं कोडं इथे सुटलं. ज्याने कॅट-जी गमावलं त्याच्यात औषध जागंच होत नाही.

काही शास्त्रज्ञ मधल्या काळात म्हणत होते की खरं लक्ष्य आयएनएच-ए नसून शेजारचं दुसरंच विकर आहे. तो वाद २००६ पर्यंत चालला. त्या वर्षी जेकब्ज यांच्याच गटाने आयएनएच-ए मधला एकच बदल एका साध्या क्षयजिवाणूत घातला आणि तो जिवाणू औषधाला जुमानेनासा झाला, तेव्हा वाद मिटला. एका गोळीचं लक्ष्य ठरवायला ती बाजारात आल्यावर अर्धशतक लागलं. संशोधनाला निधी देणाऱ्यांनी हा आकडा समोर लावून ठेवावा.

कुष्ठरोगाचं उदाहरण इथे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण महाराष्ट्राने या रोगाशी दीर्घ झुंज दिली आहे. १९४९ साली बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं. कुष्ठाचा जिवाणू क्षयाच्या जिवाणूचा जवळचा नातलग. त्यालाही मायकोलिक आम्लं लागतात, त्याच्याकडेही चालू स्थितीतलं आयएनएच-ए आहे. मग आयसोनियाझिड त्याच्यावर का चालत नाही? २००१ साली त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला तेव्हा ढीगभर मोडलेली जनुकं सापडली. कॅट-जी त्यांतलंच एक. लक्ष्य शाबूत आहे, पण औषधाला जागं करणारं विकर मेलेलं आहे. एथिओनामाइड आणि प्रोथिओनामाइड ही औषधं मात्र दुसऱ्या विकराकडून जागी होतात आणि त्याच आयएनएच-ए वर जाऊन बसतात. ती कुष्ठावर चालतात.

आता फसलेल्या प्रयत्नांकडे वळतो.

१९९० च्या दशकात जिवाणूंचे जनुकसंच वाचता येऊ लागले आणि औषधकंपन्यांना वाटलं, आता अंधारात चाचपडणं संपलं. जिवाणूला अत्यावश्यक असलेली विकरं यादीतून निवडायची, लाखो रेणू त्यांच्यावर यंत्राने तपासायचे, जो अडवेल तो औषध. ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने १९९५ ते २००१ या काळात अशा ६७ मोहिमा काढल्या. हाती लागले ते पाच रेणूसमूह, आणि तेही औषधापासून दूर. कंपनीच्याच शास्त्रज्ञांनी २००७ साली हे प्रामाणिकपणे छापलं, याबद्दल त्यांना मानलं पाहिजे. अपयश छापणाऱ्या कंपन्या मोजक्याच.

मेदाम्लाची विकरं या यादीत वरच्या क्रमांकावर होती. याला एक मोठं प्रोत्साहन मिळालं ते साबणातून. ट्रायक्लोसान हे जंतुनाशक दवाखान्यांत आणि पुढे घरगुती साबणांत, टूथपेस्टमध्ये सर्रास घातलं जाई. ते जिवाणूचं पटल ढोबळपणे फाडतं, म्हणून त्याला प्रतिकार उद्भवणार नाही, असा समज होता. १९९८ साली बॉस्टनमध्ये स्टुअर्ट लेव्ही यांच्या गटाने दाखवलं की त्याचं एक नेमकं लक्ष्य आहे: जिवाणूचं इनॉइल रिडक्टेज, साध्या जिवाणूंत ज्याला फॅब-आय म्हणतात. नेमकं लक्ष्य म्हणजे नेमका प्रतिकारही. २०१६ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने घरगुती जंतुनाशक साबणांतून ट्रायक्लोसान हद्दपार केलं. साध्या साबणापेक्षा ते सरस असल्याचा पुरावा उत्पादकांना देता आला नव्हता.

पहिली अडचण लगेच समोर आली. २००० साली चार्ल्स रॉक यांच्या प्रयोगशाळेने सांगितलं की न्यूमोनियाच्या न्यूमोकॉकस जिवाणूकडे फॅब-आय नाहीच. तेच काम फॅब-के नावाचं अगदी वेगळ्या घडणीचं विकर करतं, आणि ट्रायक्लोसान त्याला शिवत नाही. पटकीच्या जिवाणूकडे आणखी तिसरंच. एका औषधाने सगळे जंतू मारायचं स्वप्न इथेच संपलं.

दुसरी अडचण जास्त खोल होती. २००६ साली मर्क कंपनीने दक्षिण आफ्रिकेच्या मातीतल्या एका बुरशीसदृश जिवाणूपासून प्लॅटेन्सिमायसिन मिळवलं. साखळीला तुकडा जोडणारं विकर ते अडवतं. जगभर मथळे झाले: नव्या प्रकारचं प्रतिजैविक. ते औषध कधीच आलं नाही. २००९ साली फ्रान्समधल्या एका गटाने नेचर नियतकालिकात एक अस्वस्थ करणारा निष्कर्ष मांडला. ग्राम-पॉझिटिव्ह या गटातले जिवाणू (न्यूमोकॉकस त्यांतलाच) प्रयोगशाळेतल्या साध्या द्रवात वाढवले तर या औषधांनी मरतात. माणसाच्या रक्तद्रवात वाढवले तर मरत नाहीत. कारण रक्तात आपली मेदाम्लं भरपूर आहेत. जिवाणू ती उचलतो आणि आपलं पटल बांधतो. स्वतःची विकरं बंद पडली तरी त्याचं काही अडत नाही.

यावर वाद झाला. याच गटातल्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसला हा नियम लागू नाही, असं दुसऱ्या गटांनी दाखवलं. परकी मेदाम्लं मिळाली तरी न्यूमोकॉकससारखं तो स्वतःचं उत्पादन बंद करत नाही, आणि अर्धवट अडलेल्या साखळ्यांमुळे गुदमरतो. मग फ्रेंच गटानेच सांगितलं की सवड मिळाली तर स्टॅफिलोकॉकसही परक्या चरबीवर जगायला शिकतो. हा प्रश्न पुरता निकाली निघालेला नाही. अफॅबिसिन नावाचं फक्त स्टॅफिलोकॉकसवरचं फॅब-आय-रोधक औषध मानवी चाचण्यांच्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोचलं. पोटातल्या उपयोगी जिवाणूंना ते फारसं दुखावत नाही, ही त्याची जमेची बाजू. मला त्याबद्दल आशा आहे, पण बेताचीच.

तिसरी गोष्ट आपल्या देशातली. हिवतापाच्या परजीवीच्या पेशीत एक विचित्र अवयव आहे, अ‍ॅपिकोप्लास्ट. कधी काळी गिळलेल्या लाल शैवालाचा तो अवशेष. त्यात जिवाणूसारखी सुटी मेदाम्ल-विकरं आहेत हे १९९८ साली कळलं. २००१ साली बेंगळुरूच्या नमिता सुरोलिया आणि अवधेश सुरोलिया यांनी नेचर मेडिसिनमध्ये दाखवलं की ट्रायक्लोसान परजीवीचं इनॉइल रिडक्टेज अडवतं आणि हिवताप झालेल्या उंदरांना वाचवतं. टूथपेस्टमधला स्वस्त रेणू आणि गरिबांचा रोग. वर्तमानपत्रांना आणखी काय हवं? मी त्या वर्षी वर्गात हा लेख मोठ्या अभिमानाने शिकवला होता आणि आजही शिकवीन. पण २००८ आणि २००९ साली दोन गटांनी परजीवीतली ही विकरंच जनुकीय पद्धतीने काढून टाकली. रक्तातला परजीवी मजेत वाढला. तो आपल्या रक्तातली मेदाम्लं वापरत होता. विकरांवाचून अडला तो फक्त यकृतातल्या शेवटच्या अवस्थेत. रुग्णाला थंडी वाजून ताप येतो तो रक्तातल्या परजीवीने. तिथे हे लक्ष्य बिनकामाचं. ट्रायक्लोसानने उंदरांना वाचवलं असेल तर ते बहुधा अन्य मार्गाने. अर्थात यकृतात अडणारा परजीवी लस म्हणून वापरता येईल का, याचा विचार त्यातूनच सुरू झाला, म्हणजे काम वाया गेलं असं नाही.

या तिन्ही अपयशांमागे एकच चूक आहे. ‘जंतूकडे आहे, आपल्याकडे नाही’ एवढा प्रश्न विचारून लक्ष्य निवडलं गेलं. विचारायला हवा होता तो प्रश्न: आपल्या शरीरात, आपल्या चरबीत बसलेल्या जंतूला ते विकर लागतं का? आयसोनियाझिड यशस्वी झालं कारण ९० कार्बनांचं मायकोलिक आम्ल माणसाच्या शरीरात कुठेही मिळत नाही. उसनं आणायची सोय नाही. क्षयाचा जिवाणू आपली चरबी खातो, अगदी आवडीने खातो. २००० साली जॉन मॅकिनी यांच्या गटाने दाखवलं की चरबीवर जगण्यासाठी लागणारं आयसोसिट्रेट लायेज नसेल तर तो उंदराच्या फुप्फुसात टिकून राहू शकत नाही. पण खाल्लेल्या चरबीतून त्याला आवरण तयार मिळत नाही. ते त्याला स्वतःच बांधावं लागतं. नवी डेलामॅनिड आणि प्रेटोमॅनिड ही औषधंही याच आवरणाच्या निर्मितीवर आघात करतात, आणि तीही जिवाणूच्या आत जाऊनच जागी होतात. आयएनएच-ए ला कॅट-जी शिवाय थेट अडवणारे रेणू अनेक प्रयोगशाळांनी बनवले आहेत. औषध म्हणून अजून एकही आलेलं नाही.

पेटंटबद्दल थोडं. एखादा रेणू नवा आहे, तो सुचणं सहज नव्हतं आणि त्याचा काही उपयोग आहे, एवढंच पेटंट सांगतं. रुग्ण बरा होतो असं ते सांगत नाही. मेदाम्ल-विकरांवरची पेटंटं वाचली तर ‘संसर्गजन्य रोगांच्या उपचारासाठी’ हे शब्द प्रत्येकात आहेत. उपचार मात्र क्वचितच आहे. उलट ज्या रेणूवर पेटंट मिळालं नाही तोच जगाच्या उपयोगी पडला. यावरून पेटंट नको असं मी म्हणत नाही. पण खऱ्या नव्या रेणूचं संरक्षण आणि जुन्याच रेणूच्या क्षारावर मुदतवाढ यांत फरक करावा लागतो, आणि आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) ने तो केला आहे. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने क्षयावरच्या बेडाक्विलिनच्या एका क्षारावरचं पेटंट नाकारलं. (त्याचं लक्ष्य मेदाम्लाचं नाही, पण रोग तोच.) विरोधाचा अर्ज केला होता क्षयातून उठलेल्या दोन स्त्रियांनी: मुंबईच्या पत्रकार नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले. उपचारांत दिलेल्या औषधांनी दोघींचीही श्रवणशक्ती गेली होती. या प्रकरणाचं श्रेय वकिलांइतकंच त्या दोघींना आहे.

शेवटी, सुरुवातीला सांगितलेल्या दोन नावांकडे येतो.

आपल्याकडे आज संशयित रुग्णाच्या बेडक्याची तपासणी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर होते. ट्रूनॅट गोव्यात वेर्णा इथे बनतं आणि २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. अभिमान वाटावा असं हे काम आहे. या नेहमीच्या चाचण्या जिवाणू आहे की नाही आणि रिफॅम्पिसिन या क्षयावरच्या दुसऱ्या मुख्य औषधाला प्रतिकार आहे की नाही हे तासा-दोन तासांत सांगतात. आयसोनियाझिडबद्दल त्या काहीच सांगत नाहीत. त्यासाठी लाइन प्रोब चाचणी करावी लागते. तिच्या पट्टीवर कॅट-जी आणि आयएनएच-ए यांच्या वेगवेगळ्या रेषा असतात. कॅट-जी मध्ये ३१५ व्या जागी बदल असेल तर पेरॉक्साइड फोडायचं काम बरंचसं चालू राहतं, पण आयसोनियाझिड जागं होत नाही, प्रतिकार जबर. आयएनएच-ए च्या आधीच्या भागात बदल असेल तर जिवाणू ते विकर जास्त प्रमाणात बनवतो. प्रतिकार सौम्य, वाढवलेल्या मात्रेने कधी कधी भागतं, मात्र त्याच विकरावर बसणारं एथिओनामाइडही निकामी होतं. एका रेषेवरून डॉक्टरला पुढचं औषध ठरवता येतं. विकरांचं शास्त्र रुग्णाच्या खाटेपर्यंत इतकं सरळ पोचलेलं मी दुसरं पाहिलेलं नाही.

२०१४ ते १६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पहिल्यांदाच क्षय झालेल्यांपैकी सुमारे ११ टक्के रुग्णांत आणि पूर्वी उपचार झालेल्यांपैकी सुमारे २५ टक्के रुग्णांत आयसोनियाझिडला प्रतिकार आढळला. यांतल्या पुष्कळांवर रिफॅम्पिसिन चालतं. म्हणजे पहिल्या चाचणीत ते ‘साधा क्षय’ म्हणून पुढे जातात. नेहमीच्या उपचारातल्या चार औषधांपैकी पायराझिनामाइड दोन महिन्यांनंतर थांबतं, आयसोनियाझिड आधीच निरुपयोगी असतं, आणि रिफॅम्पिसिनला सोबत फक्त एथॅम्ब्युटॉल उरतं. त्यातून रिफॅम्पिसिनलाही प्रतिकार उद्भवला की तो बहुऔषधी-प्रतिरोधी क्षय होतो. वेळेत कळलं तर लिव्होफ्लॉक्सासिन घालून सहा महिन्यांचा उपचार आहे. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचनांत आयसोनियाझिडची ही चाचणी आहे. तरी मागितल्याशिवाय ती होत नाही, किंवा झाली तरी तिचा रिपोर्ट कोणी वाचत नाही, अशा जागा मला ठाऊक आहेत, आणि त्यांत खासगी दवाखाने जास्त आहेत.

सभागृहात शहरातले बरेच डॉक्टर आहेत, आणि त्यांच्याहून जास्त संख्येने रुग्णांचे नातेवाईक. दोघांनाही विनंती एकच. क्षयाचं निदान झालं की पहिल्याच आठवड्यात आयसोनियाझिडची चाचणी मागा, आणि रिपोर्ट आला की त्यावर कॅट-जी आणि आयएनएच-ए पुढे काय लिहिलंय ते वाचून मगच गोळ्या ठरवा.